भाडं यूएसडीटीत घेऊ का? आधी मासेवालीला विचारा

पत्राचा सारांश: मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात ५४ वर्षांच्या एक ताई आणि त्यांचे यजमान चार खोल्यांचं न्याहारी-निवास चालवतात. लॅपटॉपवर काम करणारा दिल्लीकडचा एक तरुण त्यांच्याकडे ४२ दिवस राहायला येणार आहे. जेवणखाणासह दिवसाला १,५०० रुपये, म्हणजे एकूण ६३,००० रुपये ठरले. आता तो म्हणतो, "माझा पगार क्रिप्टोतच येतो. तुम्हालाही यूएसडीटीत देतो, वर पाच टक्के जास्त घ्या." (यूएसडीटी म्हणजे फोनवरून पाठवायचं एक क्रिप्टो नाणं, त्याबद्दल पुढे सांगते.) ताईंचा बेंगळुरूचा पुतण्या यावर इतका खूश आहे, की गणपतीला घरी आला तेव्हा 'येथे बिटकॉइन चालते' असा फलकच रंगवून ठेवून गेला. बाहेरच्या जगात लोक चहाचे पैसेसुद्धा क्रिप्टोने देतात, असं तो सांगतो. यजमान म्हणतात, "ह्या झेंगाट आपणाक नको." ताई मधल्या मध्ये अडकल्या आहेत, कारण २०१७ साली क्यूआर कोड लावायला त्यांनीच नकार दिला होता. "दोन हंगाम पाहुणे आमच्या दारात विचारून शेजारी गेले. आता पुन्हा मागे राहायचं नाही. पण लोक खरंच असे पैसे रोज वापरतात का, की मला नुसतं सांगितलं जातंय?"

ताई,

शेवटच्या वाक्यात तुम्ही जे विचारलंत, त्याचं उत्तर आधी देते आणि मग बाकीचं बोलू. रोजच्या देण्याघेण्यासाठी क्रिप्टो वापरणारे लोक जगात आहेत, पण फार थोडे, आणि तेही बहुतेक अशा ठिकाणी जिथे लोकांचा आपल्याच देशाच्या चलनावर भरवसा उरलेला नाही. आपल्याकडे बाजारात, एसटीत, गॅसवाल्याकडे ते चालत नाही. तेव्हा तुम्ही मागे राहिलेल्या नाही. मालवणच्या बाजारात तुमच्या पुढे कोणी गेलेलंच नाही.

पण तुमच्या पत्रात या प्रश्नाच्या आत आणखी एक गाठ आहे, ती २०१७ ची. तेव्हा नाही म्हटलं आणि चुकलं, म्हणून आता हो म्हणायला हवं, असं तुमच्या मनाने धरून ठेवलंय. आपण बायका अशा चुका फार वर्षं जपतो. म्हणून आधी विचारते, त्या क्यूआर कोडने तुमच्या शेजारणीला दिलं काय? पाहुण्याच्या खात्यातले रुपये निघाले आणि तिच्या खात्यात रुपयेच आले. तिचं खातं तेच आणि पासबुकही तेच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच रुपये तिने मासेवालीच्या टोपलीसमोर उभं राहून देऊन टाकले. म्हणजे तेव्हा पैसा यायची वाट बदलली, पैसा बदलला नाही. हा पाहुणा तुम्हाला पैसाच बदलून देतोय. दोन्हींत फोन आहे आणि काळापांढरा चौकोन आहे, म्हणून ते एकसारखे दिसतात.

माझे वडील परळच्या गिरणीत होते. तुमच्याही घरात कोणी असेल, कोकणातल्या निम्म्या चुली त्या काळी मनीऑर्डरवर पेटत. पोस्टमन ओटीवर बसायचा, नोटा मोजायचा, आजी अंगठा उठवायची आणि संध्याकाळच्या आत त्यातले बहुतेक पैसे वाण्याच्या वहीत जिरायचे. एका दिवाळीला वडिलांनी पैशांऐवजी गिरणीत सवलतीत मिळालेला कापडाचा तागा गाववाल्याच्या हाती पाठवला. बाजारभाव लावला तर तागा मनीऑर्डरीपेक्षा जास्तच किमतीचा होता. आजीला कापडही आवडलं. पण वाणी तागा घेईना! शेवटी ती बिचारी कापड खांद्यावर टाकून वाडीत दारोदार फिरली, कोणी तीन वार घेतलं, कोणी उधार घेतलं, आणि जमलेले पैसे घेऊन वाण्याकडे गेली. वडिलांना वाटलं आपण जास्त पाठवलं. आजीला मात्र आठवडाभर कापड विकत बसावं लागलं.

तुमचा पाहुणाही तागाच देऊ करतोय. एक कागद घ्या आणि त्याचे ६३,००० रुपये तुमच्या हातून पुढे कुठे जातील ते लिहा. मासे आणि भाजी, गॅसचं सिलिंडर, महावितरणचं बिल, भांडी-झाडलोट करणाऱ्या मुलीचा पगार, माडावर चढणाऱ्या पाडेल्याची मजुरी, पतसंस्थेचा हप्ता. यातलं कोण यूएसडीटी घेईल? तुमची मासेवाली काय म्हणेल ते मी इथे बसून सांगते: "माका ता काय कळना नाय. जीपे कर, नायतर रोख दी." आणि ती अडाणी म्हणून असं बोलत नाही. तिला तोच पैसा लिलावात होडीवाल्याला द्यायचा असतो, होडीवाल्याला डिझेलला. पुढच्या हाताला चालेल तोच पैसा आपण घेतो.

आता त्या पाच टक्क्यांकडे बघू. ६३,००० वर ते ३,१५० रुपये होतात. ज्याच्याकडे चालणारा पैसा आहे, तो भाव पाडून मागतो. कोकणात आलेला कुठला पाहुणा 'जरा जास्तच घ्या' म्हणाल्याचं मला तरी आठवत नाही. हा जास्त देतोय, कारण रुपये करून आणण्याची खटपट त्याला ३,१५० हून महाग वाटते आणि ती तो तुमच्याकडे सरकवतोय. तो लबाडच असेल असं मी म्हणत नाही. बाहेरच्या कंपन्यांकडून अशा नाण्यांत कामाचे पैसे घेणारी मुलं आहेत, हा त्यातलाच असेल. पण खटपट म्हणजे नेमकं काय ते तुम्हाला कळायला हवं.

यूएसडीटी हे डॉलरला बांधलेलं नाणं आहे. टेथर नावाची खासगी कंपनी ते काढते आणि एक नाणं म्हणजे एक डॉलर असा तिचा शब्द असतो. बिटकॉइनसारखा त्याचा भाव रोज झोके घेत नाही, ही त्याची जमेची बाजू. तुमच्या मोबाइलमधल्या वॉलेटमध्ये ते आलं, की रुपये करायला दोन वाटा. एक, भारतात नोंदणी असलेल्या क्रिप्टो एक्स्चेंजवर, म्हणजे नाणी विकण्या-घेण्याच्या ऑनलाइन बाजारात, खातं उघडायचं, पॅन-आधार द्यायचं, तिथे विकून रुपये बँकेत मागवायचे. मार्च २०२३ पासून अशा एक्स्चेंजना मनी लॉन्डरिंगविरोधी कायदा लागू आहे, तेव्हा पाहुण्याकडून आलेलं नाणं कुठून आलं हा प्रश्न तुम्हालाच विचारला जाऊ शकतो. दोन, अनोळखी माणसाला थेट विकायचं. तो तुमच्या खात्यात रुपये टाकतो, तुम्ही त्याला नाणं सोडता. याला पीटूपी म्हणतात आणि भाव इथे जरा बरा मिळतो म्हणून बरेच जण याच वाटेने जातात.

ताई, या दुसऱ्या वाटेबद्दल मात्र मी हात जोडून सांगते. समोरचा अनोळखी माणूस तुम्हाला जे रुपये पाठवतो, ते कधी कधी ऑनलाइन फसवलेल्या तिसऱ्याच कोणाचे असतात. तो फसलेला माणूस १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो, पोलिस पैशाचा माग काढत खात्यांमागून खाती गोठवत येतात आणि त्यातलं एक खातं तुमचं निघतं. तुम्ही निर्दोष असता, नाणंही खरंच विकलेलं असतं. पण खात्यातली रक्कम अडकते, कधी कधी अख्खं खातंच, आणि ते सोडवायला परराज्यातल्या सायबर पोलिस ठाण्याशी पत्रव्यवहार करावा लागतो. मी बँकेत असताना काउंटरपलीकडे अशी माणसं पाहिली आहेत. त्यातला एक आंबेवाला होता, ऐन पेट्या सुटायच्या दिवसांत. मजुरांना द्यायला पैसे खात्यात होते आणि काढता येत नव्हते. तुमचं खातं मे महिन्यात आठ दिवस बंद राहिलं तर काय होईल, ते मी सांगायला नको.

फसवणुकीचे साधे प्रकार वेगळेच. खऱ्या नाण्याच्या नावाचं खोटं नाणं पाठवतात, वॉलेटमध्ये आकडा दिसतो आणि विकायला गेलं की किंमत शून्य. एकाच नाण्याची वेगवेगळी जाळी (नेटवर्क) असतात, चुकीच्या जाळ्यावर पाठवलं तर ते परत मिळवणं कठीण. लांबलचक पत्त्यातलं एक अक्षर चुकलं तर बँकेत जाऊन अर्ज करावा अशी खिडकीच नाही. नुसत्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवायचा नाही, हे तर तुम्हाला यूपीआयनेच शिकवलं असेल.

कराचं थोडक्यात सांगते, बाकी तुमच्या सीएला विचारा. आपल्याकडे क्रिप्टो विकत घेणं-विकणं हा गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं, ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केलं. पण ते कायदेशीर चलनही नाही, म्हणजे कोणी देऊ केलं तर घ्यायलाच हवं असं बंधन तुमच्यावर नाही. १ एप्रिल २०२२ पासून त्याच्या विक्रीतल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका नाण्यात झालेला तोटा दुसऱ्या कशातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस आहे. पाहुण्याने तुम्हाला भाड्यापोटी नाणं देणं, हे कायद्याच्या नजरेत त्याने तुम्हाला ते विकण्यासारखंच. मग टीडीएस भरायची जबाबदारी विकत घेणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर येऊ शकते. लहान धंदेवाल्यांना वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत सूट आहे. तुमचा आकडा ६३,००० आहे. शिवाय भाड्याचं उत्पन्न त्या दिवशीच्या रुपयांत हिशेबाला धरावं लागेल ते वेगळंच. ३,१५० रुपयांत सीएची फी तरी निघेल का, बघा.

आता पुतण्याच्या चहाबद्दल. तो खोटं बोलत नाही, अर्धं सांगतो. परदेशात क्रिप्टोची कार्डं मिळतात. गिऱ्हाईक कार्ड टेकवतं, मधली कंपनी त्याचं नाणं विकते आणि चहावाल्याला डॉलर किंवा युरो मिळतात. चहावाल्याला क्रिप्टो कधी दिसतसुद्धा नाही. खुद्द नाणंच घेणारी दुकानंही आहेत. स्वित्झर्लंडमधल्या लुगानो शहरात ती बरीच सापडतात, तिथे नगरपालिकेची बिलंही बिटकॉइनने भरता येतात. पण मोठ्या दुकानांचा अनुभव तितका गोड नाही. स्टीम हे व्हिडिओ गेम विकणारं मोठं ऑनलाइन दुकान. त्याने बिटकॉइन घेणं सुरू केलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये बंद केलं, कारण एकेका व्यवहाराचं शुल्कच गेमच्या किमतीला टेकायला लागलं. टेस्लाने मार्च २०२१ मध्ये बिटकॉइनवर गाड्या विकायला सुरुवात केली आणि मे महिन्यात थांबवली, विजेच्या वापराचं कारण देऊन.

पण आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण एल साल्वाडोरचं आहे, आणि ते मी जरा सविस्तर सांगते. मध्य अमेरिकेतला हा लहानसा देश. तिथली माणसं पोटापाण्यासाठी अमेरिकेत जातात आणि घरी डॉलर पाठवतात. देशाच्या उत्पन्नाचा पाचव्या हिश्श्याहून मोठा भाग असा बाहेरून येतो. आपल्या मनीऑर्डरच्या कोकणासारखंच म्हणा ना! तिथल्या सरकारने ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइनला डॉलरच्या बरोबरीचं कायदेशीर चलन केलं. चिवो नावाचं ॲप काढलं, ते घेणाऱ्या प्रत्येकाला ३० डॉलरचे बिटकॉइन फुकट दिले, शुल्क माफ केलं, दुकानदारांना नाही म्हणायची सोय ठेवली नाही. एखादं नाणं बाजारात चालावं म्हणून सरकार आणखी काय करणार? लोकांनी ॲप घेतलं, ३० डॉलर खर्च केले आणि बहुतेकांनी पुन्हा उघडलं नाही. अर्थतज्ज्ञांनी घरोघरी जाऊन सर्वेक्षण केलं तेव्हा बिटकॉइन घेणारी दुकानं साधारण पाचातलं एक निघाली. बाहेरून येणाऱ्या पैशातला क्रिप्टो वॉलेटने येणारा वाटा तर दोन टक्क्यांच्याही आत राहिला. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून बिटकॉइन घेणं ऐच्छिक झालं. तिथली आजीसुद्धा डॉलरच मागत होती, कारण तिचा वाणी डॉलर घेत होता.

उलट अर्जेंटिनात चित्र वेगळं आहे. तिथे २०२३ साली महागाई वर्षाला २०० टक्क्यांच्या वर गेली. पगार हातात आला की महिनाअखेर त्याची किंमत विरघळायची. तिथल्या लोकांनी यूएसडीटीसारखी डॉलरची नाणी जवळ केली ती हौसेने नव्हे. बुडत्या होडीतून सामान दुसऱ्या होडीत टाकावं तसं ते होतं. नायजेरिया, तुर्कस्तान इथेही लोक याच कारणाने तिकडे वळले. आपल्या रुपयाबद्दल आपण कितीही कुरकुर केली, तरी मासेवाली आज घेतलेल्या शंभराच्या नोटेवर उद्या सकाळी निर्धास्त असते.

आणि आपल्याकडे यूपीआय आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात यूपीआयवर २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. सेकंदाचा हिशेब केला तर साडेसात हजारांच्या आसपास. बिटकॉइनचं मूळ जाळं सेकंदाला फार तर सातेक व्यवहार पेलतं आणि त्यात व्यवहारांचा नवा गठ्ठा नोंदला जायला सरासरी दहा मिनिटं लागतात. त्यावर लाइटनिंगसारखे झटपट थर आले आहेत, चांगलेही आहेत. पण दहा रुपयांच्या कोथिंबिरीवर एक पैसाही न कापता समोरच्याला रुपयेच मिळत असताना, तो खटाटोप कोण करील? ज्या देशांत दुकानदाराचे कार्डामागे दोन-तीन टक्के कापले जातात, तिथे हा प्रश्न वेगळा वाटतो. पुतण्या ज्यांचे व्हिडिओ बघतो ते बहुधा तिथले असतात.

आणखी एक गंमत त्याला विचारा. त्याच्याकडे स्वतःकडे बिटकॉइन असतील, मला जवळजवळ खात्री आहे. त्यातून त्याने गेल्या महिन्यात काय विकत घेतलं? २२ मे २०१० रोजी अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका प्रोग्रॅमरने दोन पिझ्झ्यांसाठी १०,००० बिटकॉइन मोजले. तेव्हा त्यांची किंमत चाळीसेक डॉलर होती. डिसेंबर २०२४ मध्ये एकाच बिटकॉइनचा भाव एक लाख डॉलरच्या वर गेला. ही गोष्ट क्रिप्टोवाले दरवर्षी हसत हसत साजरी करतात, पण तिचा अर्थ असा, की भाव वाढणार असं ज्याला वाटतं तो त्याने पिझ्झा घेत नाही. उलटही झालंय, नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९,००० डॉलरच्या घरात असलेला भाव वर्षभरात १६,००० च्या खाली आला. तेव्हा भाडं त्यात घेतलेल्याने काय करायचं? लोक सोनं घेऊन ठेवतात तसं पुतण्याने थोडं घेऊन ठेवलं असेल तर तो त्याचा प्रश्न. पण सोन्याची वळी देऊन कोणी गॅस भरत नाही.

पुतण्याला हसू नका मात्र. त्याच्या म्हणण्यामागे एक खरी कळ आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीनंतर आपण सगळे रांगेत उभे होतो. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतल्या एका सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांसाठी फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. त्यांत गावाकडे पैसे पाठवणारे आपले कितीतरी चाकरमानी होते. 'माझा पैसा माझ्याच हातात असावा, मध्ये कोणी नको' हे तरुण पोरांना पटतं ते उगाच नाही. फक्त तेवढ्याच प्रामाणिकपणे हेही बघायला हवं, की जुलै २०२४ मध्ये भारतातल्या एका मोठ्या क्रिप्टो एक्स्चेंजवर दरोडा पडून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली आणि ग्राहकांचं काढणं बंद झालं. बँकेच्या ठेवीला निदान पाच लाखांपर्यंत विमा असतो. तिथे तोही नव्हता.

आणि वादळाचं विसरू नका. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा तुमच्याकडे वीज आणि मोबाइल किती दिवस बंद होते ते तुम्हीच मला सांगाल. त्याच्या आदल्या वर्षी निसर्गने दापोली-मंडणगडला तेच केलं. तेव्हा यूपीआय चाललं नाही आणि क्रिप्टोही चाललं नसतं. चालल्या त्या डब्यातल्या नोटा. तो डबा ठेवत जा. पुतण्या जुनाट म्हणाला तरी.

तर पाहुण्याचं काय करायचं? एसटीत पाचशेची नोट पुढे केली की कंडक्टर काय म्हणतो? सुट्टे तुम्ही आणा. मोड आणायचं काम मोठी नोट असणाऱ्याचं असतं, कंडक्टरचं नव्हे. पाहुण्याने स्वतःच्या एक्स्चेंजवर नाणी विकावीत, त्याचा कर त्याने बघावा आणि तुम्हाला यूपीआयने किंवा थेट बँकेत रुपये द्यावेत. पाच टक्के जास्त देऊ नकोस म्हणावं, फार तर शेवटच्या दिवशी सुरमई तुझ्या पैशाने. एक मात्र बघा, पैसे त्याच्याच नावाच्या खात्यातून यायला हवेत. 'माझा मित्र पाठवेल' ही पीटूपीचीच मागची वाट. आणि पुतण्याने 'मी नाणी घेतो, तुम्हाला रुपये देतो काकी' असं सुचवलं, तर तेही नको. झेंगट तेच राहतं, फक्त पोराच्या गळ्यात जातं. आगाऊ रक्कम नेहमीसारखीच घ्या, बाकी दर आठवड्याला. बेचाळीस दिवसांचं देणं शेवटी एकदम मागायचं नसतं, ते कुठल्याही चलनात असो.

तो नाहीच म्हणाला तर? तर ४२ दिवसांची खोली रिकामी राहायची भीती खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. पण ज्याला रुपये करताच येत नाहीत किंवा करायचे नाहीत, त्याच्या पगाराबद्दल मग मला जरा शंका येईल.

अशाच आशयाची आणखी दोन पत्रं माझ्याकडे आहेत, म्हणून त्यांनाही इथेच सांगते. तुमच्याकडे परदेशी पाहुणे येत असतील तर त्यांच्यासाठी यूपीआय वन वर्ल्ड नावाची सोय आहे. पासपोर्ट दाखवून ते वॉलेट घेतात, त्यात पैसे भरतात आणि तुमचा नेहमीचा क्यूआर स्कॅन करतात. तुम्हाला रुपयेच मिळतात. आखातात किंवा बोटीवर असलेल्या मुलाच्या आईने विचारलंय, की एजंट पगार यूएसडीटीत देऊ म्हणतो, घेऊ दे का? करारात पगार कुठे जमा होणार ते लिहून घ्या आणि तो एनआरई खात्यातच, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीच्या इथल्या बँक खात्यातच, येऊ द्या. स्वस्त पडतं, लवकर येतं, हे एजंटचं म्हणणं एखाद वेळी खरंही असेल. पण उद्या घर बांधायला कर्ज काढाल तेव्हा बँक पगाराच्या नोंदी मागेल, वॉलेटचा फोटो नव्हे. अमिराती, कतार, ओमान, सौदी अशा काही देशांतल्या मुलांना तिथल्याच मोबाइल नंबरवरून एनआरई खात्याचं यूपीआयही वापरता येतं. आईला म्हणावं, आधी ते करून बघ. आणि रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया, ज्याची चाचणी १ डिसेंबर २०२२ ला सुरू झाली, तो या सगळ्यांपेक्षा वेगळा. तो रुपयाच आहे, फक्त नोटेऐवजी फोनमधला. कोणी तो देऊ केला तर दचकू नका.

पुतण्याला एक काम सांगा, रागाने नव्हे, कौतुकाने. म्हणावं, बाळा, बेंगळुरूत एक अख्खा दिवस फक्त बिटकॉइनवर काढ. सकाळची इडली, रिक्षा, दुपारचं जेवण, घरमालकाचं भाडं, आणि संध्याकाळी मला फोन करून सांग, काय काय मिळालं ते. जेवढ्या ठिकाणी त्याचं चालेल तेवढ्या ठिकाणांची नावं फलकावर लिहू.

पाहुण्याला पाठवायला मजकूर देते, हवा तसा बदला: "दादा, राहायला जरूर या, खोली तुमच्यासाठी धरून ठेवली आहे. आमचे सगळे व्यवहार रुपयांत असतात, कारण आमचे मासेवाले, गॅसवाले सगळे रुपयेच घेतात. तुम्ही तुमच्या सोयीने नाणी विकून तुमच्या खात्यातून यूपीआय करा. ठरल्यापेक्षा जास्त नको. दहा दिवसांची आगाऊ रक्कम १५,००० रुपये आल्यावर खोली पक्की धरू."

आणि हो, तो फलक फेकू नका. प्लायवूड चांगलं असेल तर मागच्या बाजूला न्याहारीचे दर लिहा. घावणे-चटणी किती, आंबोळी किती. तुमच्या पत्रात तेवढंच राहून गेलंय, आणि मला जानेवारीत तिकडे यायचंय.